पंपघरातला फोन

लाईट गेली तर जाऊ द्या. मोबाईलचे दिवेही बंद करा, शेगडीतले निखारे पुरेत आपल्याला. चहा उकळतोय तोवर एक सांगतो. ऐकलेलं-बिकलेलं नाही. नौफल माझ्या बायकोच्या मावसबहिणीचा मुलगा, स्फाक्सचा. आजही आहे. जाऊन विचारा, फक्त रात्री विचारू नका.

हा नौफल एका मिठाच्या कंपनीत फोन आणि कॉम्प्युटर सांभाळायचा. कंपनीचं मुख्य ऑफिस स्फाक्सला बंदराजवळ, आणि मिठागर इथे आपल्या शत्तच्या, या खाऱ्या तळ्याच्या काठावर, केबिलीहून तोझरला जाताना डाव्या हाताला. तीन खोल्यांचं ऑफिस, ट्रक तोलायचा काटा आणि आत दोन किलोमीटरवर, मिठात घातलेल्या बांधाच्या टोकाला, खारं पाणी उपसायचं पंपघर. आमच्या टेलिफोन खात्यातर्फे मीच तिथे तांब्याची तार ओढली होती. ती चोरांनी तीनदा कापून नेली. चौथ्यांदा कंपनी म्हणाली, तार नकोच. मग नौफलने इंटरनेटवरचे फोन बसवले. मध्ये व्हीपीएन. म्हणजे इंटरनेटच्या भरगर्दीतून आपल्यापुरता काढलेला बंद बोगदा. आवाज इथून आत शिरला की थेट स्फाक्सच्या ऑफिसात निघतो, वाटेत कुणाला दिसत नाही. इथले चार फोन मग स्फाक्सच्या पुढच्या खोलीत असल्यासारखेच. ३०१ इथल्या साहेबाचा, ३०२ काट्यावरचा, ३०३ पहारेकऱ्याच्या खोलीतला आणि ३०४ पंपघरातला. काही अडलं तर नौफलचा नंबर ११२. प्रत्येक फोनवर त्याने तो स्वतःच्या हाताने चिकटवला होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची एकोणीस, मंगळवार. सकाळी मालकाने नौफलला केबिनमध्ये बोलावलं. मोन्सेफ त्यांचं नाव, सगळे आदराने सी मोन्सेफ म्हणतात. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे माणूस जास्त घाबरतो.

"दहा रात्री झाल्या, नौफल. पहाटे दोनच्या सुमारास तुझ्या टेबलावरचा फोन वाजतो. कुलूपबंद खोलीत. खालचा गार्ड वैतागलाय."

"कुणाचा तरी चुकून लागत असेल."

"मी यादी मागवली." मालकांनी कागद पुढे सरकवला. "रोज एकच नंबर. ३०४."

नौफलने कागद पाहिला. मग म्हणाला, "हा नंबर तर बंद आहे. मार्चमध्ये मीच काढून टाकला."

"तेच म्हणतोय मी. एक तर आपल्या बोगद्यात कुणी घुसलंय आणि उद्या आपल्या खर्चाने क्यूबाला गप्पा मारणार. नाहीतर तिथला तो म्हातारा खोड्या काढतोय. नाहीतर..." मालक थांबले. "चाव्या तुझ्याकडेच असतात ना, या बोगद्याच्या?"

नौफलला राग आला आणि भीतीही वाटली. "आज रात्री तिथेच थांबतो. कोण आहे ते पकडूनच येतो," म्हणाला, आणि कंपनीची गाडी काढली.

वाटेतलं गाबेस ओलांडेपर्यंत त्याने मनात खटला चालवून निकालही देऊन टाकला होता. खोडी म्हाताऱ्याचीच. म्हातारा म्हणजे पहारेकरी बलगासम. सगळे त्याला अम्म म्हणायचे, काका म्हणून. मार्चमध्ये पंपघरात एक माणूस मेला, तो या बलगासमचा जावई. लझर नाव. रात्रपाळीला एकटा होता. पंपाच्या पट्ट्यात हात गेला. सकाळी सहाला पाळीची माणसं पोचली तेव्हा भिंतीवरचा रिसीव्हर लोंबकळत होता आणि लझर त्याखाली. म्हणजे फोन लावला होता त्याने. मोबाईलला तिथे रेंज नाही. सासरा दोन किलोमीटरवर, फोन उशाशी. मग उचलला का नाही? गावाने ठरवलं, म्हातारा लागमी पिऊन पडला होता. ताडी हो, दुसरं काय. बलगासम मशिदीत शपथ घेऊन सांगत होता की मी जागा होतो, फोन वाजलाच नाही. कोण ऐकतो? त्याच्या मुलीनेसुद्धा ऐकलं नाही. मबरूकाने त्या दिवसापासून बापाला दाराच्या आत घेतलं नव्हतं.

मग अशा माणसाला कंपनीवर राग असणारच. नौफलला तरी असंच वाटत होतं.

तो पोचला तेव्हा दिवस मावळत होता. शत्त गुलाबी पडला होता, वारा नव्हता. बलगासम दारातच उभा, गाडीकडे बघत.

"या, स्फाक्सवाले! रात्रीचे आलात म्हणजे ओव्हरटाइम लावणार."

"फोन तपासायचेत, अम्म बलगासम."

"तपास की. कानाला लावून बघ. माझा कान तर गावाच्या हिशेबी बहिराच आहे."

नौफलची नजर म्हाताऱ्याच्या बुटांवर होती. घोट्यापर्यंत ओली, राखाडी माती, आणि वरून मीठ वाळलेलं. असली माती एकाच ठिकाणी लागते, बांधावर.

"पंपघराकडे जाता का हो तुम्ही?"

"पंपघराला कुलूप आहे," बलगासम म्हणाला. हो नाही, नाही पण नाही. नौफलने ते मनात टिपून ठेवलं.

आत गेल्यावर पहिलं कपाट पाहिलं. मार्चमध्ये पंपघरातून काढलेला फोन त्याने तिथेच खोक्यात घालून ठेवला होता. कपाटाला नवं कुलूप! "हे कुणी लावलं?" "साहेबाने. साखर चोरीला जाते." चावी बलगासमच्याच कमरेला. उघडलं, तर खोकं होतं तसं. सुतळीची गाठ नौफलचीच. आत फोन थंडगार, वायर नाही, काही नाही. नौफलने तो उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला. मग छतावर चढून पंपघराकडे तोंड केलेल्या अँटेनाची वायर उपटली. खाली येऊन बोगद्याची किल्लीच बदलली. जुनी किल्ली कुणी चोरली असेल, तर आता तो बाहेर बसून दार बडवेल.

हे सगळं चालू असताना बलगासम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बघत होता.

"तू मला धरायला आलायस," तो शेवटी म्हणाला.

"मी चोर धरायला आलोय. दहा रात्री ३०४ वरून माझा फोन वाजवतोय तो."

"मग बैस. रात्र मोठी आहे."

बसले दोघं, बलगासमच्या खोलीत. खाट, शेगडी आणि भिंतीला लागून स्टुलावर तो ३०३. म्हाताऱ्याने हरीसा, म्हणजे लाल मिरचीचा ठेचा लावून रोटी दिली, वर टूना आणि दोन ऑलिव्ह. चहा काळाकुट्ट. नौफलने मांडीवर लॅपटॉप उघडून ठेवला. त्यात सगळे फोन दिसत होते, ३०१, ३०२, ३०३, हिरव्या ठिपक्यांनी. बस, तीनच.

साडेअकरा वाजले. बारा. म्हाताऱ्याला झोप नव्हती आणि नौफलला त्याला डोळ्यांआड करायचं नव्हतं.

"बूट बघत होतास ना माझे?" बलगासम म्हणाला. "जातो मी. दर गुरुवारी आणि मनात आलं की मधल्या रात्रीही. दाराबाहेर उभा राहून फातिहा म्हणतो. दिवसा गेलो तर लोक म्हणतात, आता कशाला मेला तिकडे."

नौफलने पडद्यावरचे ठिपके पुन्हा मोजले. तीनच.

"एक सांग, तू शिकलेला आहेस. या भिंतीपासून पंपघर दोन किलोमीटर. हाक मारली तर कुत्रंसुद्धा ऐकेल, वारा नसला तर. त्याने फोन लावला. मी इथे, असाच बसलेलो, चहा घेत. वाजला कसा नाही?"

"आता कसं सांगणार..."

"तूच सांगणार. फोन तुझे आहेत."

नौफलने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. बलगासम बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. आता पोरांनो, कोण कुणावर पाळत ठेवून होतं ते तुम्हीच ठरवा.

एक वाजला. चंद्र माथ्याकडे सरकला होता आणि बाहेर मीठ दुधासारखं पसरलं होतं. दीड. मध्येच मिठाची खपली कुठेतरी तडकायची. थंडीत तडकतेच ती. तरी दर वेळी दोघंही मान वळवायचे.

दोन.

दोन वाजून दहा मिनिटं.

लॅपटॉपवर चौथा हिरवा ठिपका उमटला.

३०४.

नौफलने डोळे चोळले. आवाज नाही, काही नाही. फक्त ठिपका. बाहेरून आलेला नव्हता. नवी किल्ली लावलेल्या बोगद्याच्या आतून, याच ऑफिसातून आलेला. त्याने पिशवीत हात घातला. फोन तिथेच. थंडगार.

"हात वर करा," तो म्हणाला.

"काय?"

"हात! दोन्ही! मोबाईल कुठाय तुमचा?"

बलगासमने हात वर केले. त्याचा बटणांचा मोबाईल खाटेवर पडला होता, बॅटरी संपलेला.

नौफल उठला. पलीकडच्या खोलीत जाऊन त्याने इंटरनेटच्या डब्याची पिन उपटली. डब्याचे दिवे विझले. बोगदा गेला. आता इथला आवाज कुठे जाणार नाही आणि कुठला इथे येणार नाही. परत आला तेव्हा ३०३ च्या पडद्यावर फ्रेंचमध्ये अक्षरं आली होती. सेवा बंद.

"झालं," तो म्हणाला. "आता बघू कोण..."

३०३ वाजला.

दोघं जागच्या जागी. एक घंटा. दुसरी. पडद्यावर सेवा बंद, आणि त्याखाली आकडे. ३०४.

"कुठेतरी बॅटरी लपवलीय," नौफल म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला ओळखू येईना. "कुणीतरी इथेच आहे." तो गुडघ्यांवर बसला आणि फोनच्या पाठची वायर ओढून काढली. त्या वायरीतूनच त्याला वीज येते. वायर हातात आली. पडदा काळा झाला. घंटा थांबली.

शांतता.

वायर हातातच. नौफलने श्वास सोडला...

आणि फोन वाजला.

काळा. दिवा नाही. वायर नाही. वाजत होता.

"उचल," बलगासम म्हणाला.

नौफलने मान हलवली.

"दहा रात्री तुझ्याकडेच येत होता ना? उचल."

"नाही."

चौथी घंटा. पाचवी. बलगासमने खाटेवरून हात लांब केला आणि रिसीव्हर कानाला लावला. ऐकत राहिला. निखाऱ्यांच्या उजेडात त्याचा चेहरा दिसत होता. भीती नव्हती त्यावर. लांबचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून माणूस डोळे बारीक करतो ना... तसं.

"हं," तो म्हणाला.

मग बराच वेळ नुसतं ऐकणं.

"हं..."

मग त्याने रिसीव्हर छातीशी धरला, हाताने झाकून. आणि नौफलकडे पाहिलं.

"अकरा वेळा, म्हणतोय."

नौफलच्या हातातली वायर पडली.

"काय अकरा वेळा?" बलगासमने विचारलं. "एवढंच म्हणतोय तो. अकरा वेळा. अकरा वेळा. काय रे? तुला ठाऊक आहे. तुझं तोंड बघ."

ठाऊक होतं. जगात एकट्या नौफललाच ठाऊक होतं.

तो भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि सांगितलं त्याने. मार्चमधल्या त्या रात्री एक पन्नासला त्याच्या मोबाईलवर सूचना आली होती. केबिलीचा बोगदा तुटला. उठून लॅपटॉप उघडला असता तर पाच मिनिटांचं काम. पाऊस पडत होता, पांघरूण गरम होतं. कोण एवढ्या रात्री मिठाला फोन करणार, म्हणून तो कुशीवर वळला. सकाळी सातला जोडला.

"मग?" बलगासम म्हणाला. "बोगदा स्फाक्सचा. मी तर इथे. हाकेवर."

"सगळे फोन स्फाक्समधूनच लागतात, अम्म. पंपघरातून तुम्हाला लावला, तरी आवाज आधी स्फाक्सला जातो आणि तिथून परत इथे येतो. बोगदा तुटला की... इथल्या इथेही नाही लागत."

म्हाताऱ्याने रिसीव्हर छातीशी आणखी घट्ट धरला.

"दुसऱ्या दिवशी फोन काढताना मी त्याच्या पोटातली यादी पाहिली. अकरा वेळा लावला होता. अकराही वेळा तुम्हालाच. ३०३. पहिला दोनला दहा मिनिटं झाल्यावर. शेवटचा चार बावीसला. मी यादी पुसली. मालकांनी विचारलं, लाईन चालू होती? मी म्हणालो... चालू होती."

एवढंच. दोन शब्द. त्या दोन शब्दांवर म्हाताऱ्याचे आठ महिने गेले होते.

बलगासमचा हात उठला. नौफलला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तो मला पुढे म्हणाला. पण म्हाताऱ्याने रिसीव्हर पुढे केला.

"मला नको सांगू हे. त्याला सांग."

"अम्म..."

"घे."

नौफलने घेतला. उजव्या कानाला लावला.

काय ऐकलं, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, मला नाही. बलगासमने मला एवढंच सांगितलं की पोरगा रिसीव्हर धरून बसला होता, ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. मध्येच म्हणाला, "हो, उद्या. सकाळीच. शपथ." मग पुन्हा ऐकत राहिला. निखारे विझले. खिडकी निळी पडायला लागली तेव्हा त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घ्यावा लागला. बोटं सुटत नव्हती.

सकाळी सातला दोघं गाडीने गावात गेले. बलगासम गाडीतच बसून राहिला. आठ महिन्यांत त्याने ते दार ओलांडलं नव्हतं. मबरूका अंगणात खजूर निवडत होती. फुटलेला एका टोपलीत, बरा एका टोपलीत. नौफलने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

शेवटी तिने विचारलं, "किती वेळा म्हणालास?"

"अकरा."

"कुणाला?"

"तुमच्या वडिलांना."

तिने हातातला खजूर खाली ठेवला. ओढणी सारखी केली. नौफलच्या अंगावरून, जणू तो तिथे नाहीच अशी, ती बाहेर गेली, आणि गाडीचं दार उघडलं.

"चहा टाकलाय," ती म्हणाली. "गार होईल, बाबा. आत ये."

एवढं बोलली आणि तिथेच, गाडीच्या दाराला धरून, मोठ्याने रडायला लागली. म्हाताऱ्याला खाली उतरताच येईना. शेजारपाजारच्या बायका जमल्या. नौफल भिंतीच्या कडेकडेने निघाला. त्याला कुणी अडवलं नाही आणि कुणी चहाही विचारला नाही.

संध्याकाळी त्याने मालकांच्या टेबलावर चाव्या ठेवल्या आणि जे म्हाताऱ्याला सांगितलं ते त्यांनाही सांगितलं. सी मोन्सेफनी आवाज चढवला नाही. "जा," म्हणाले. पंधरा दिवसांत मिठागरावर एक छोटं यंत्र बसलं. आता तिथले फोन तिथल्या तिथे लागतात, स्फाक्स असो वा नसो. ११२ त्यानंतर रात्रीचा कधी वाजला नाही. पोलिसांनी जबाब घेतले, ते प्रकरण अजून चाललंय. नौफल आता मामाच्या दुकानात पंखे दुरुस्त करतो. तब्येत ठीक आहे, जेवतो, झोपतो. आईच्या हट्टावरून डॉक्टरने उजवा कान तपासला, बॅटरी मारून पाहिलं. म्हणाला, स्वच्छ आहे, कोरडा आहे, काही नाही.

गेल्या ईदला मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी लवकर उठलो तर त्याची आई गच्चीवर एकटीच उशीचा अभ्रा झटकत होती. मला बघून घाईने मागे लपवला. मी म्हटलं, काय झालं, दाखव. तिने नाही म्हटलं. मग दाखवला.

रोज सकाळी असतं, म्हणाली. धुतलं तरी.

निळा अभ्रा, साधा. मधोमध, उजवा कान टेकतो तिथे, पांढरं गोल. मनगटाएवढं. वाळून पापुद्रा धरलेलं.

मी बोट लावलं, आणि जिभेवर ठेवलं...